मिसपंच झालेल्यानं उरलेले तीन दिवस काय करायचं?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले अडखळणे तेवढे काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, सध्या नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो. इथे आल्यावर एका सहकाऱ्यानं एका रविवारी हातात नकाशा आणि होकायंत्र दिलं, आणि तेव्हापासून मला ओरिएंटिअरिंगचं वेड लागलं. तुमच्यापैकी ज्यांनी एनसीसी केलं असेल त्यांना मॅप रीडिंग आठवत असेल. तेच, फक्त पळत, आणि घड्याळ चालू असताना.

खेळ सोपा आहे. नकाशावर गोल काढलेले असतात, त्या प्रत्येक जागी जंगलात पांढरा-केशरी कापडी झेंडा असतो. त्याला कंट्रोल म्हणायचं. प्रत्येक कंट्रोलला एक नंबर. बोटात एक छोटी इलेक्ट्रॉनिक कांडी असते, ती कंट्रोलच्या डबीत घातली की बीप होतो. सगळे कंट्रोल दिलेल्या क्रमानं घ्यायचे. वाट कुठली, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. एक कंट्रोल चुकला किंवा शेजारचा दुसराच घेतला, की मिसपंच. त्या दिवसाचा निकाल रद्द.

आता गोष्ट सांगतो. स्वीडनमध्ये ओ-रिंगेन नावाचा पाच शर्यतींचा उत्सव दर उन्हाळ्यात भरतो. १९६५ साली सुरू झाला तेव्हा दीडशेच्या आसपास लोक पळाले होते. १९८५ साली फालुनला तो आकडा पंचवीस हजारांच्या घरात गेला. दरवर्षी गाव बदलतं, शेतात तंबू-कॅरव्हानचं गावच वसतं, दहा वर्षांची पोरं आणि ऐंशीचे आजोबा एकाच दिवशी एकाच जंगलात पळतात. आपल्या वारीतल्या मुक्कामाची थोडी आठवण यावी असं वातावरण.

माझी पहिली ओ-रिंगेन. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी नवव्या कंट्रोलला मी एका मोठ्या दगडापाशी पोचलो, झेंडा दिसला, कांडी घातली, बीप, पळालो. नंबर बघितला नाही. तो कंट्रोल दुसऱ्या गटाचा होता. माझा साठ मीटरवर, पुढच्या दगडामागे. शेवटी कांडी वाचली, स्क्रीनवर लाल अक्षरं आली. ओ-रिंगेनमध्ये एकूण क्रमवारी पाचही दिवसांच्या वेळेची बेरीज करून लागते. एक दिवसच नाही, तर बेरीज कसली? माझी सुट्टी पाच दिवसांची, शर्यत दीड दिवसात संपली होती.

पुढचे तीन दिवस पळायला मिळतंच, कुणी अडवत नाही. पण मी तिसऱ्या दिवशी तंबूतच झोपून राहिलो. आणि पडल्या पडल्या इंजिनिअरची खोड म्हणा, विचार सुरू झाला: ही पद्धत ठरवली कुणी, आणि का?

दोनेक वर्षांनी हाच प्रश्न माझ्या अंगावर आला. आमच्या क्लबनं तीन दिवसांचा छोटा उत्सव करायचं ठरवलं, साधारण चारशे लोकांचा, आणि फॉरमॅट ठरवायच्या समितीत मला घेतलं. कारण काय, तर मला एक्सेल येतं.

फॉरमॅट म्हणजे काय, ते आधी पटकन सांगतो. क्रिकेटमध्ये जसं टेस्ट, वनडे, ट्वेंटी-ट्वेंटी, तसं इथे लाँग, मिडल, स्प्रिंट. जागतिक पातळीवर स्प्रिंटचा विजेता बारा ते पंधरा मिनिटांत येतो. ती बहुतेक गावात होते, गल्ल्या, जिने, शाळेचं आवार. मिडल तीस-पस्तीस मिनिटांची, जंगलात, कंट्रोल जवळजवळ आणि अवघड. लाँग पुरुषांसाठी दीड तासाच्या आसपास, त्यात वाट निवडण्याची खरी परीक्षा. शिवाय रिले. फिनलंडची युकोला ही रिले १९४९ पासून चालते, सात जणांचा संघ, रात्री अकराला सुटतात आणि सकाळपर्यंत पळत राहतात.

आम्हाला वाटलं, तीन दिवस, तीन अंतरं, झालं काम. पण अंतर ठरवणं हा सोपा भाग होता. अवघड प्रश्न होता तिन्ही दिवसांची बेरीज कशी करायची.

पहिली पद्धत, वेळेची बेरीज. ऐकायला एकदम न्याय्य. पण गणित बघा. समजा मी रोज विजेत्यापेक्षा दहा टक्के हळू पळतो. पंधरा मिनिटांच्या स्प्रिंटमध्ये मी दीड मिनिट मागे. नव्वद मिनिटांच्या लाँगमध्ये नऊ मिनिटं मागे. म्हणजे एक लाँग बरोबर सहा स्प्रिंट. वर स्प्रिंटमध्ये गल्ली चुकली तर अर्धं मिनिट जातं, लाँगमध्ये जंगलात हरवलात तर पंधरा मिनिटं सहज. त्यामुळे कागदावर तीन शर्यती असल्या तरी खरी शर्यत एकच, लाँग. बाकीच्या दोन तोंडी लावायला.

दुसरी पद्धत, गुण. त्या दिवसाच्या विजेत्याला १०००, बाकीच्यांना विजेत्याची वेळ भागिले स्वतःची वेळ गुणिले १०००. आता दहा टक्के हळू पळालं की स्प्रिंटमध्येही ९०९ आणि लाँगमध्येही ९०९. सगळे दिवस सारख्या वजनाचे. आणि गुण असले की एक सवलत देता येते: वाईट दिवस सोडून द्या. स्कॉटलंडमध्ये एक वर्षाआड सहा दिवसांचा उत्सव होतो, तिथे सहापैकी सर्वोत्तम चार दिवस धरतात. हे वाचल्यावर मी खुर्चीतच उडालो, कारण हे तर आपलं दहावीचं बेस्ट ऑफ फाइव्ह! एका विषयानं घात केला तरी टक्केवारी वाचते. वेळेची बेरीज म्हणजे इयर डाउन, गुणांची पद्धत म्हणजे एटीकेटी. ज्यानं इंजिनिअरिंग केलंय त्याला वेगळं समजवायला नको.

मी मीटिंगमध्ये जोरात मांडलं. सगळ्यांसाठी तीनपैकी सर्वोत्तम दोन. कुणाचाच उत्सव दीड दिवसात संपायला नको. बऱ्याच माना हलल्या. आमच्या क्लबात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक बाई आहेत, मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणतो, त्या म्हणाल्या, छान आहे, माझे डोळे आता नंबर वाचताना दगा देतात.

मग कोपऱ्यातून सोळा वर्षांची एक मुलगी बोलली. क्लबातली सगळ्यात वेगवान ज्युनिअर. ती म्हणाली, मग रविवारी चेस स्टार्ट कशी करणार?

चेस स्टार्ट म्हणजे शेवटच्या दिवशी आघाडीवर असलेला आधी सुटतो, आणि बाकीचे आपण जितके मागे आहोत तितक्या वेळानं. तुम्ही चाळीस सेकंद मागे, तर चाळीस सेकंदांनी सुटायचं. मजा अशी की शेवटची रेषा जो आधी ओलांडेल तोच सगळ्या उत्सवाचा विजेता. कॅल्क्युलेटर नको, प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसतं. ओ-रिंगेनचा शेवटचा दिवस असाच असतो.

आणि तिचं म्हणणं खरं होतं. मी फळ्यावर उदाहरण मांडलं आणि माझाच मुद्दा माझ्यासमोर कोसळला. समजा पहिल्या दिवशी 'अ'ला १०००, दुसऱ्या दिवशी तो भरकटला, ५००. 'ब'ला दोन्ही दिवस ९००. दोन दिवसांनंतर 'ब' पुढे. रविवारी 'ब'ला ८८०, 'अ'ला ८५०. रविवारीही 'ब'च पुढे. पण सर्वोत्तम दोन धरले तर 'अ'चे १८५० आणि 'ब'चे १८००. जिंकला 'अ'! मग रविवारी आधी सोडायचं कुणाला? कुठला दिवस गळणार हेच शेवटची रेषा ओलांडेपर्यंत ठरत नाही.

ती म्हणाली, 'ब' तिन्ही दिवस नीट पळाली. तिला तुम्ही शिक्षा देताय, कारण दुसऱ्या कुणाला तरी माफ करायचंय.

मीटिंगमध्ये शांतता. मला तंबूतला तो तिसरा दिवस आठवत होता, आणि तरी तिला उत्तर देता येत नव्हतं. शेवटच्या दिवसाचा थरार हवा असेल तर आधीचा प्रत्येक दिवस कायमचा मोजला जायला हवा. चुकीला माफी हवी असेल तर शेवटच्या रेषेवरचा तो क्षण सोडून द्यावा लागतो. मला दोन्ही एकाच गटाला द्यायचं होतं, आणि ते होत नव्हतं.

मग आम्ही प्रश्न बदलला. कुठली पद्धत बरोबर हे न विचारता, कुठल्या गटाला काय गमवायला चालेल, हे विचारलं. ज्युनिअर आणि मुख्य गटाला वेळेची बेरीज आणि चेस स्टार्ट. पस्तिशीच्या पुढच्या सगळ्यांना आणि नवख्यांना गुण, तीनपैकी सर्वोत्तम दोन. लहान मुलांना एकूण क्रमवारीच नाही, रोजचं रोज कौतुक.

क्रम ठरवतानाही धडे मिळाले. मी म्हणत होतो लाँग शेवटी ठेवू, क्लायमॅक्ससारखी. जाणत्या लोकांनी समजावलं की रविवारी लोकांना लांब गाडी चालवत घरी जायचं असतं, पाय थकलेले असतात, आणि लाँगमध्ये धावपटू इतके विखुरतात की चेस स्टार्टमध्ये पाठलाग उरतच नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी गावात स्प्रिंट, शनिवारी लाँग, रविवारी मिडल. शुक्रवारच्या स्प्रिंटचा आणखी एक फायदा, जंगल खर्च होत नाही. हो, जंगल खर्च होतं. चारशे लोक पळाले की गवतात पायवाटा उमटतात, आणि दुसऱ्या दिवशी नकाशा न बघता नुसती वाट धरून कंट्रोल सापडतो. आमच्याकडे जंगल एकच, म्हणून शनिवारी दक्षिणेचा भाग वापरला आणि उत्तरेचा रविवारसाठी कोरा ठेवला.

मग स्टार्टचा हिशेब. एका गटात साठ जण, दोन-दोन मिनिटांनी सोडले तर दोन तास. मोठ्या उत्सवात एका गटात दोनशे असतील तर साडेसहा तासांच्या वर. म्हणून उत्सव मोठा झाला की गट तोडावे लागतात. आणि चेस स्टार्टमध्ये पुढच्याच्या मागे नुसतं पळत राहणाऱ्यांचं काय? त्यावर एक सुंदर उपाय आहे. मध्ये फुलपाखरासारखे दोन लूप टाकायचे. काही जण डावा पंख आधी करतात, काही उजवा. शेवटी अंतर सगळ्यांचं तेवढंच, पण पुढचा माणूस तुमच्याच कंट्रोलला चाललाय याची खात्री उरत नाही. नकाशा बघावाच लागतो.

तर झालं काय? शुक्रवारी स्प्रिंटमध्ये आजी मिसपंच. भिंतीच्या या बाजूचा कंट्रोल घ्यायचा होता, त्यांनी त्या बाजूचा घेतला. मी निकालाच्या टेबलावर होतो. लाल अक्षरं बघून त्या थोडा वेळ गप्प उभ्या राहिल्या. मग विचारलं, "पण मी अजून हिशेबात आहे ना?" मी म्हटलं, आहात. शनिवारी आल्या, रविवारीही आल्या. बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. त्यांच्या गटाचा अंतिम निकाल शेवटची धावपटू आल्यावर लागला, तोवर निम्मे लोक गाड्या काढून गेले होते. माफीची ही किंमत, ती आम्ही मोजली.

आणि ती मुलगी? रविवारी सगळ्यांत आधी सुटली, चाळीस सेकंदांच्या आघाडीनं. आठव्या कंट्रोलला एका दलदलीच्या चुकीच्या बाजूला गेली. शेवटच्या सरळ पट्टीत दोघी एकत्र आल्या, आख्खं मैदान उभं राहून ओरडत होतं, आणि ती दुसरी आली. बरीच रडली. संध्याकाळी तंबू गुंडाळताना मी घाबरत घाबरत विचारलं, पुढच्या वर्षी तुमच्या गटालाही गुण लावू का? ती म्हणाली, अजिबात नाही.

तुम्ही कॉलेजची क्रिकेट लीग घेत असाल, हॅकॅथॉन घेत असाल, सोसायटीतली कॅरम स्पर्धा घेत असाल, तर वेळापत्रक बनवण्याआधी एक करून बघा. पहिल्याच दिवशी ज्याची माती झाली तो माणूस डोळ्यांसमोर आणा, आणि शेवटच्या दिवशी तो कशासाठी येईल ते कागदावर लिहा. मग तिन्ही दिवस एकही चूक न करणारा माणूस आणा, आणि त्याला तुमचे नियम मोठ्यानं वाचून दाखवा. दोघांचे चेहरे बघून मग ठरवा.

मी या उन्हाळ्यात पुन्हा ओ-रिंगेनला चाललोय. तीच पाच दिवसांची बेरीज, तेच नियम. फक्त आता प्रत्येक कंट्रोलला नंबर मोठ्यानं वाचतो, आजूबाजूचे लोक हसले तरी. आणि मिसपंच झालाच, तर तिसऱ्या दिवशी तंबूत झोपणार नाही, एवढं ठरवलंय.

भेटू पुढच्या भागात. तोवर मोबाईलचा जीपीएस बंद करून एकदा तरी अनोळखी गल्लीतून घरी जाऊन बघा.