घसारा, घसारो, डेप्रिसिएशन

(सुरत येथील मराठी भाषक प्राध्यापकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



सुरतेत मराठीतून शिक्षणाविषयी बोलायचे तर आधी दादोबा पांडुरंग तर्खडकरांना नमस्कार करायला हवा. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवायला आले आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींच्या सोबतीने त्यांनी येथे मानवधर्म सभा उभी केली. मायबोली मराठी, गाव गुजराती, शाळा इंग्रजी! भाषा ओलांडायचे कष्ट त्या काळी मास्तरांनी घेतले. आज ते कष्ट आपण अठरा वर्षांच्या मुलांवर टाकून मोकळे झालो आहोत. माझे आजचे सगळे म्हणणे एवढेच आहे, की ते कष्ट संस्थांनी पुन्हा आपल्याकडे घ्यावेत.

ही मुले कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो कुटुंबे राहतात. वडील यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात, आई घरी साड्यांचे धागे कापते, टिकल्या चिकटवते. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि गुजराती. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते आणि गुजरात बोर्डाची परीक्षा मराठीतून देता येते, हे या शहराचे आणि राज्याचे मोठेपण आहे. बारावीपर्यंत मुलाच्या पायाखाली पायरी असते. कॉलेजच्या दारात ती एकाएकी संपते.

माझ्या वर्गातला एक प्रसंग सांगतो. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात मी ‘डेप्रिसिएशन’ म्हणजे काय, असे विचारले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि खाली मान घालून तसाच राहिला. मी म्हटले, “अरे, घसारा.” त्याने मान वर केली. “सर, घसारा माहीत आहे. आमच्या शेठने नवा माग आणला, तर पहिल्याच वर्षी त्याची किंमत सगळ्यात जास्त उतरली. नंतर दरवर्षी उतरते, पण कमी कमी.” घटत्या किमतीवर घसारा काढण्याची रीत तो मागाच्या खडखडाटात उभा राहून शिकला होता. शेजारचा गुजराती मुलगा हसून म्हणाला, “सर, आमच्यातही घसारोच!” मी फळ्यावर तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. त्या दिवशी त्या मुलाला नवे असे मी काहीच शिकवले नाही. त्याला येत होते ते वर्गाला कळले, इतकेच. असे किती जण उत्तर येत असताना नापास झाले असतील, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक विभागाने आपल्या विषयातल्या दोनशे शब्दांचा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी असा तक्ता करावा आणि पहिले सत्र त्या तक्त्याच्या आधाराने शिकवावे. ताळेबंदाला गुजरातीत सरवैयुं म्हणतात आणि इंग्रजीत बॅलन्स शीट, हे मुलाला पहिल्या आठवड्यात कळले तर त्याचे वर्ष वाचते. मुलांना मराठीत कोंडून ठेवा, असे मी म्हणत नाही. त्यांना इंग्रजी यायलाच हवी, या शहरात गुजरातीही उत्तम यायला हवी. पण नव्या भाषेत उतरताना हाताला जुनी भाषा लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये मातृभाषेला उच्च शिक्षणात जागा दिली. पुढच्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली. धोरणाने दार उघडले आहे. आत हात धरून न्यायचे काम वर्गातल्या शिक्षकाचे आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. रातपाळी करून आलेला मुलगा सकाळच्या तासाला पेंगतो आणि आपण त्याची हजेरी कापतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हा त्या संस्थेचा पाया होता. विद्यार्थ्याचे काम ही शिक्षणातली अडचण मानायची नाही, हे त्यांनी आपल्याला शिकवले. मग सुरतेच्या कॉलेजांत तोच तास सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा का होऊ नये? पाळी बदलली तर मुलाने तास बदलावा, एवढी मोकळीक वेळापत्रकात सहज बसते.

तिसरी गोष्ट जागेची. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे झोपतात, तिथे अभ्यास कुठे करायचा? वाचनालय रात्री दहापर्यंत उघडे ठेवणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा बांधकाम प्रकल्प आहे, आणि त्याला एक वीटही लागत नाही. मात्र जागा म्हणताना २४ मे २०१९ विसरता येणार नाही. सरथाणा भागातल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर क्लास चालू असताना आग लागली आणि २२ जीव गेले. बाहेर पडायची वाट नसलेल्या खोलीत मुलांना बसवणे याला शिक्षण म्हणता येत नाही. आपापल्या संस्थेत परतल्यावर उद्याच जिना आणि मागचे दार स्वतः चालून पाहा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

चौथी गोष्ट कागदांची. एका राज्यातला जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणाला चालत नाही. सुरतेत जन्मलेला मुलगा दाखल्यासाठी आजोबांच्या गावी तहसील कचेरीत खेटे घालतो आणि तोवर शिष्यवृत्तीची मुदत टळते. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या कचेरीत दोन्ही राज्यांचे नियम जाणणारी एक व्यक्ती बसवली, तर कितीतरी गळती थांबेल.

हे जमणारे आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा शिकवायची भाषाच बदलून दाखवली. याच सुरतेत १९०७ साली सुरू झालेल्या वनिता विश्रामाचे २०२१ मध्ये महिला विद्यापीठ झाले. समोरच्या मुलीची गरज पाहून ज्यांनी आपली रीत बदलली, त्याच संस्था टिकल्या.

मित्रहो, यंत्राला घसारा असतो, तसा संस्थेलाही असतो. इमारत रंगवून तो भरून निघत नाही. मागच्या बाकावरचा मुलगा मान वर करून बोलू लागतो, तेव्हा तो थोडा भरून निघतो. येत्या जूनमध्ये पहिल्या तासाला फळ्यावर तीन भाषांतले तीन शब्द लिहा आणि क्षणभर थांबा. कोण मान वर करते ते पाहा.