दोन प्रती आणि मूळ प्रत

संशोधक विद्यार्थ्याची टिपणे आज घरच्या संगणकावर आणि लॅपटॉपवर वेगवेगळी वाढतात. दोन्ही बॅकअपांतून एक प्रत करताना ‘नंतरची तीच खरी’ असे धरले, तर आधीच्या प्रतीतली भर पुसली जाते. म्हणून मी विद्यार्थ्यांना ‘गिट’ शिकवते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले.

त्यातली ‘मर्ज-फाइल’ ही आज्ञा तीन फायली मागते: दोन्ही प्रती आणि त्या जिथून फुटल्या ती मूळ प्रत. एकाच प्रतीत बदललेली ओळ ती आपणहून स्वीकारते. दोन्हींत निरनिराळी बदललेली ओळ मात्र खुणा करून, दोन्ही पाठांसह आपल्यापुढे ठेवते. निर्णय अभ्यासकाचा. निकाल पहिल्याच फाइलवर लिहिला जातो, म्हणून तिची नक्कल आधी काढावी.

मराठीपुरती एक काळजी घ्यावी. ‘किनाऱ्या’तला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, यंत्राला पाठभेद वाटतो. तेव्हा तिन्ही फायलींचे आधी नॉर्मलायझेशन करावे.

आणि मूळ प्रत जपावी. ती हरवली, की कोणती ओळ नवी आणि कोणती गाळलेली, हे यंत्र सांगू शकत नाही.