परदेशचे मोल आणि घरची थकबाकी



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण यांवर व्याख्याने होतात, तेथे एका कामगार कार्यकर्त्याने फुटबॉल खेळणाऱ्या नायजेरियन मुलीवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनाही तसेच वाटले होते. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, इंग्रजीत गोल मारणाऱ्या खेळाडूला स्ट्रायकर म्हणतात आणि संपावर गेलेल्या कामगारालाही स्ट्रायकरच म्हणतात. तेव्हा विषय आमच्या हद्दीतलाच आहे.

शिवाय या मुली आपल्याला अगदीच परक्या नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा भारतात झाली. नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर नायजेरियाच्या मुलींनी जर्मनीला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळविला. त्यांच्यापुढची वाट ज्यांनी मळविली, त्यांतल्या एकीची हकीकत आज सांगावयाची आहे. तिचे नाव असिसात ओशोआला.

तिचा जन्म १९९४ सालचा, लागोसजवळच्या इकोरोडू गावचा. मुलीने शिकावे, चेंडूमागे धावू नये, असे आईवडिलांचे म्हणणे. आपल्याकडचे आईबाप तरी दुसरे काय म्हणाले असते? पोरीने ऐकले नाही. लागोसच्या एफ. सी. रोबो आणि नंतर पोर्ट हार्कोर्टच्या रिव्हर्स एंजल्स या संघांतून ती खेळू लागली. २०१४ साली कॅनडात वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात उत्तर कोरियाविरुद्ध तिने एकटीने चार गोल केले. अंतिम सामना नायजेरिया जर्मनीकडून एका गोलाने हरली; परंतु स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ओशोआला आणि सात गोलांसह सर्वाधिक गोल करणारीही तीच.

पुढचे सारे आयुष्य बोचके पाठीवर घेतल्यासारखे आहे. २०१५ मध्ये लिव्हरपूल, २०१६ मध्ये लंडनचे आर्सेनल. तेथे एफ. ए. कप जिंकला आणि २०१७ साली ती थेट चीनमधील दालियानला गेली. तेथे संघ लीगमध्ये पहिला आला आणि सर्वांत जास्त गोल तिचे. जानेवारी २०१९ मध्ये बार्सिलोना. त्याच वर्षी बुडापेस्टला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. बार्सिलोना हरली, पण त्यांचा एकमेव गोल तिचा होता. २०२१ व २०२३ साली बार्सिलोनाने ती स्पर्धा जिंकली. २०२१-२२ च्या हंगामात वीस गोल करून ती स्पॅनिश लीगमधील अव्वल गोलकर्त्यांत बरोबरीने पहिली आली. पुढे २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बे एफ. सी. या नव्या संघाचा पहिलावहिला गोल तिच्याच पायातून निघाला. आफ्रिकेतील सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान तिला सहा वेळा मिळाला.

आता आमच्या मुद्द्याकडे वळू. हीच खेळाडू परदेशात करारावर सही करते, तेव्हा तिचे मोल ठरलेले असते. तीच स्वदेशाची जर्सी चढविते, तेव्हा काय होते? नायजेरियाचा महिला संघ आफ्रिकेत सर्वांत यशस्वी, आणि त्याच्या विजयाच्या पाठोपाठ थकबाकीची गोष्ट ठरलेली. २००४ साली दक्षिण आफ्रिकेत अजिंक्यपद मिळवूनही बोनस मिळाला नाही, म्हणून मुलींनी हॉटेल सोडण्यास नकार दिला. डिसेंबर २०१६ मध्ये याउंदे येथे कॅमेरूनला हरवून त्या पुन्हा अजिंक्य ठरल्या. ओशोआला त्या संघात होती आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल तिचेच होते. परत आल्यावर संघाने अबुजाच्या हॉटेलात ठिय्या दिला, आणि राष्ट्राध्यक्ष अंदाजपत्रक मांडावयास आले त्याच दिवशी फलक घेऊन संसदेवर मोर्चा नेला. मग पैसे सुटले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत फ्रान्समध्ये जर्मनीकडून हरल्यावरही तेच घडले: आधी २०१६ आणि २०१७ ची बाकी द्या, मग हॉटेल सोडतो. २०२३ साली तर खेळाडूंच्या जागतिक संघटनेला, फिफप्रोला, त्यांच्या वतीने उभे राहावे लागले. बाकी २०२१ पासूनची होती.

गिरणीच्या फाटकावर आयुष्य घालविलेल्या माणसाला ही भाषा ओळखीची आहे. पैसे नाहीत असे कोणी म्हणत नाही. 'देऊ' असे म्हणतात. मजूर घरी गेला की 'देऊ'चे 'पाहू' होते. म्हणून त्या मुली हॉटेलातून हलत नव्हत्या. पांगलेल्या माणसांना थकबाकी मिळत नाही, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नव्हते.

तर मग परदेशात सर्व आलबेल होते काय? तेही नाही. ओशोआला बार्सिलोनात असतानाच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, स्पेनमधील महिला खेळाडूंनी संप केला. त्या शनिवार-रविवारी पहिल्या श्रेणीचा एकही सामना झाला नाही. २०२० च्या फेब्रुवारीत सामुदायिक करार झाला: वर्षाला किमान १६,००० युरो, शिवाय दुखापत आणि गरोदरपण यांत संरक्षण. २०२३ मध्ये पुन्हा संप झाला आणि किमान वेतन २१,००० युरोंवर गेले. ध्यानात घ्या, बार्सिलोनाच्या नामवंत खेळाडूंना किमान वेतनाची गरज नव्हती. ती गरज तळाच्या संघांतील मुलींना होती. तरी मैदान सर्वांनी मिळून रिकामे ठेवले.

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधला एक उत्तम टर्नर जास्त पगारासाठी आखातात गेला. ऐन मागणीच्या वेळी गेला, म्हणून द्वारसभेत आम्ही त्याला पळपुटा म्हटले. टाळ्या मिळाल्या. तो मात्र दर महिन्याला युनियनची वर्गणी पाठवीत राहिला, आणि सुट्टीवर आला की सभेत मागच्या रांगेत येऊन बसे. आम्ही त्याची क्षमा कधी मागितली नाही. आता मागावयाची तर तो हयात नाही.

ओशोआलाची कारकीर्द वाचताना तो टर्नर आठवला. हुनर असलेला माणूस मोल मिळेल तेथे जाणार. त्याला दोष देणे म्हणजे मालकाच्या कंजुषीचे खापर कारागिराच्या माथी फोडणे होय. विचारावयाचे ते एवढेच, की तो गेल्यावर मागे राहिलेल्यांशी त्याचे नाते उरले की नाही. ओशोआला लागोसच्या मुलींसाठी फुटबॉलची संस्था चालविते. परदेशात नाव कमावूनही ती देशाकडून खेळावयास येत राहिली. २०२५ च्या जुलैत मोरोक्कोमध्ये नायजेरियाने यजमानांना ३-२ असे हरवून पुन्हा आफ्रिकेचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हाही ती संघात होती. त्या वेळी राष्ट्राध्यक्षांनी प्रत्येक खेळाडूला एक लाख डॉलर आणि घर जाहीर केले.

टाळ्या वाजवा, जरूर वाजवा. पण बक्षीस वेगळे आणि वेतन वेगळे. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते. वेतन ठरल्या तारखेला, न मागता हाती पडले पाहिजे. नव्या मुंबईत आपण ज्या पोरींना पाहिले, त्यांच्यावर तरी त्यासाठी हॉटेलात ठिय्या देण्याची पाळी न येवो, एवढे म्हणून आम्ही आपली रजा घेतो.