रांगेला मर्यादा हवी



अध्यक्षीय भाषणात उद्याच्या तंत्रज्ञानावर बोलावं असा रिवाज आहे. मी मात्र रोजच्या कामावर बोलणार आहे: ॲप्लिकेशन सर्व्हरच्या रांगेत येणारे मेसेज थ्रेड पूलकडून उरकून घेणं. माझं म्हणणं एवढंच, की रांग आपल्याला उसंत देते, ताकद देत नाही. ज्यांनी यात गल्लत केली, त्यांची यंत्रणा नेमकी गर्दीच्या दिवशी बसते.

यामागचं गणित आपल्या धंद्याहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले अर्लांग १९०९ साली फोनच्या गर्दीवर लिहीत होते. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम तर तोंडी हिशेबाचा आहे: कामं येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ, म्हणजे एका वेळी हातात असलेली सरासरी कामं. सेकंदाला २०० मेसेज येतात आणि प्रत्येकाला पाव सेकंद लागतो, तर सरासरी ५० थ्रेड कामात गुंतलेले राहतात. म्हणून पूलही ५०चाच ठेवला, असं समजा.

आता डेटाबेस मंदावला आणि पाव सेकंदाचं काम एका सेकंदावर गेलं. पन्नास थ्रेड सेकंदाला ५० मेसेज उरकतील, १५० साचतील. दहा मिनिटांत रांगेत ९०,०००. पुढे डेटाबेस पूर्ववत झाला, तरी आवक २०० आणि निपटाराही २००. साचलेले नव्वद हजार जागचे हलणार नाहीत! आता पूल ६०चा केला आणि डेटाबेसला तेवढं झेपलं, तरी ही रांग उतरायला साडेसदतीस मिनिटं लागतील. सवड आधीच राखून ठेवावी लागते, ती यासाठी.

मग थ्रेड ५०० का करू नयेत? कारण डेटाबेसची कनेक्शनं ६०च असतील, तर उरलेले ४४० थ्रेड मेमरी अडवून नुसते ताटकळतील. कनेक्शनंही वाढवली, तर आधीच दमलेल्या डेटाबेसवर आपण आणखी भार टाकू. पूलचा आकार ठरवताना आपल्या सर्व्हरकडे पाहून भागत नाही; आपल्यामागे उभ्या असलेल्या सर्वांत संथ यंत्रणेकडे पाहावं लागतं.

जावातला एक सापळा तरुण सहकाऱ्यांनी लक्षात ठेवावा. थ्रेडपूलएक्झिक्युटरला किमान १० आणि कमाल ५० थ्रेड सांगितले आणि रांग अमर्याद ठेवली, तर अकरावा थ्रेड कधीच जन्माला येत नाही. दहा थ्रेड झाल्यावर रांग भरल्याशिवाय एक्झिक्युटर नवा थ्रेड काढत नाही आणि अमर्याद रांग भरत नाही. मेमरी मात्र भरते. शिवाय ब्रोकरकडून मेसेज घेतला, लगेच पोच दिली आणि काम मेमरीतल्या रांगेत ढकललं, तर सर्व्हर बंद पडताच ते काम कायमचं हरवतं. म्हणून पोच काम संपल्यावर द्यायची आणि हात मोकळे नसतील तर मेसेज ब्रोकरकडेच राहू द्यायचा.

अर्थात, उशिरा पोच देण्याची किंमत आहे. डेटाबेसमध्ये नोंद झाली आणि पोच देण्याआधी सर्व्हर पडला, की तोच मेसेज पुन्हा येतो. त्यामुळे मेसेजचा क्रमांक त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये नोंदवून दुसऱ्यांदा आलेला ओळखता आला पाहिजे. जो मेसेज दर वेळी अपयशीच ठरतो, त्याला ठरावीक प्रयत्नांनंतर डेड लेटर क्यूमध्ये पाठवायला हवं. नाहीतर तो थ्रेडना फुकट राबवत राहतो. अनेक थ्रेड एकाच रांगेवर लावले, की कामं आलेल्या क्रमाने संपतील याचीही खात्री उरत नाही. ‘खातं उघडा’च्या आधी ‘पैसे भरा’ चालू शकतं. तेव्हा एका खात्याचे मेसेज एका गटात बांधून एका वेळी एकाच थ्रेडकडे द्यावेत.

सप्टेंबर २०२३मध्ये जावा २१ने व्हर्च्युअल थ्रेड कायम केले. थ्रेड स्वस्त झाले, हे स्वागतार्ह आहे. डेटाबेसची कनेक्शनं मात्र स्वस्त झालेली नाहीत. पूर्वी पूलच्या आकारामुळे आपोआप पडणारी मर्यादा आता आपल्याला सेमाफोर लावून स्वतः घालावी लागेल. जबाबदारी कमी झाली नाही, उलट वाढली.

शेवटी एक विनंती. परत गेल्यावर आपल्या प्रत्येक रांगेचे तीन आकडे भिंतीवरच्या पडद्यावर लावा: आवक, निपटारा आणि रांगेतल्या सर्वांत जुन्या मेसेजचं वय. ॲलर्ट रांगेच्या लांबीपेक्षा या वयावर लावा, कारण ग्राहकाला किती थांबावं लागतंय ते त्यातून कळतं. डेड लेटर क्यू रोज कोण उघडणार, त्या माणसाचं नाव ठरवा. आणि प्रत्येक रांगेला कमाल लांबी द्या. झेपणार नाही ते काम वेळेवर नाकारणारा सर्व्हर, सगळं स्वीकारून काहीच पूर्ण न करणाऱ्या सर्व्हरपेक्षा कितीतरी प्रामाणिक असतो.