विद्यापीठांनी जपलेले कागद आणि आपली पेटी



मी गिरणीत काम करणारा माणूस. कॉलेजची पायरी चढलो नाही. तरी आज विद्यापीठांतल्या जुन्या कागदांविषयी बोलणार आहे, कारण त्या कागदांत आपल्या बाबांचे नाव आहे.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, १९१६ साली लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धवट ठेवून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पुस्तके गेली, प्रबंधाचे हस्तलिखितही गेले.

ही हकीकत आपण भाषणांतून ऐकतो. उद्या कोणी विचारले, पुरावा काय? तर पुरावा आहे! १९२२ साली बाबासाहेबांनी आपले कोलंबियाचे गुरू प्रोफेसर सेलिग्मन यांना पत्र लिहिले. त्यात हस्तलिखित बुडाल्याचे आणि नवा प्रबंध लिहिल्याचे स्वतः कळवले. सेलिग्मन साहेबांनी ते पत्र टाकून दिले नाही. पुढे त्यांचे खाजगी कागद कोलंबियाच्या ग्रंथालयात गेले. पत्र तिथे आजही आहे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सनेही बाबासाहेबांची विद्यार्थी म्हणून असलेली फाईल जपली आहे. तिथल्या कारकुनाला तेव्हा काय ठाऊक, हा विद्यार्थी पुढे देशाची घटना लिहिणार? पण नोंद ठेवायची म्हणजे सर्वांची ठेवायची, हा नियम त्यांनी पाळला.

तिसरे उदाहरण. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे पुढारी ड्यू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले. त्यांच्या लोकांचा संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणारा अर्ज मागवला. ड्यू बॉईस यांनी पत्र ठेवले, आपल्या उत्तराची नक्कलही ठेवली. त्यांच्या पत्नीकडून ते सारे कागद १९७३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडे आले. म्हणून दोन दबलेल्या समाजांची ही ओळख आज कोणालाही वाचता येते.

आता आपल्याकडे बघा. खोली पाडायची वेळ आली की आजोबांची पत्र्याची पेटी आधी रद्दीवाल्याकडे जाते. तिच्यात १९५६ च्या दीक्षेचे फोटो असतात, मंडळाची पावतीपुस्तके असतात, मोर्चाची पत्रके असतात. गिरणी कामगारांच्या घरांची यादी निघाली तेव्हा काय झाले, आठवा. ज्याच्याकडे तिकीट नंबर, फंडाचा कागद होता तो रांगेत उभा राहिला. ज्याने फेकला तो दारोदार फिरला. कागद नसला की आपण तिथे होतो हेच कोणी मानत नाही!

म्हणून विनंती एवढीच. जुने कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. गंजलेल्या टाचण्या अलगद काढा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नाव, गाव, साल लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून घ्या, उद्या सांगायला कोण असेल? कागद कोरड्या जागी, उंचावर ठेवा. अभ्यासाला कोणी मागितले तर झेरॉक्स द्या. मूळ कागद द्यायचाच तर सांभाळणाऱ्या संस्थेला द्या आणि पावती घ्या. आपल्या विहारातही एक कपाट आणि एक नोंदवही यासाठी ठेवावी, अशी सूचना मी समितीपुढे मांडतो.

हजारो वर्षे आपल्याला लिहू दिले नाही. आता लिहिलेले तरी आपल्या हाताने रद्दीत घालू नका. एवढे बोलून मी थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!