थंडीच्या दिवसांत एका भांड्यातलं ऊन-ऊन जेवण



मार्गशीर्ष लागला की थंडी अंगाला झोंबू लागते. निफाडच्या बाजूला पारा कधीकधी ५ अंशांच्या आसपास उतरतो. पण काम काही थांबत नाही. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, आणि अनेक ठिकाणी शेतीची वीज अजूनही पाळीनं रात्रीची येते. घरधनी मोटर चालू करायला रात्री बाहेर पडतो. पोरं सकाळी शाळेला कुडकुडत जातात. म्हातारी माणसं गोधडीतून बाहेर यायला तयार नसतात. आणि घरातली बाई? ती सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांना वाढते, आणि शेवटी गार भाकरी, तळाशी उरलेलं कोरड्यास खाऊन कामाला लागते.

आज बोलायचं आहे ते याच विषयावर. थोड्या खर्चात, थोड्या जळणात, सगळ्या घराला एकाच वेळी ऊन-ऊन जेवण कसं मिळेल? त्यासाठी बाजारातून फार काही आणावं लागत नाही. लागणारं बहुतेक धान्य आपल्याच रानात पिकतं. फक्त ते सगळं विकून मोकळं व्हायचं नाही.

थंडीत भूक का वाढते?

आपल्याकडे बाजरी, हुलगा, तीळ, गूळ यांना ‘उष्ण’ म्हणतात. शरीराला ऊब मिळते ती अन्नाच्या शक्तीतून. थंडीत अंग ऊबदार ठेवायला शरीर जास्त शक्ती खर्च करतं, म्हणून भूक लागते. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलातुपातून ९. भाकरीबरोबर तीळ, शेंगदाणे, जवस, कारळे यांची चटणी खाण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. मूठभर चटणीनं भाकरीचं बळ वाढतं.

बाजरीचं आणखी एक मोल आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असतं. पांढऱ्या सडलेल्या तांदळात ते १ मिलिग्रॅमही नसतं. १०० ग्रॅम हुलग्यात २० ग्रॅमहून अधिक प्रथिनं असतात. बिनसोललेल्या तिळात, १०० ग्रॅमला, १००० मिलिग्रॅमहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम असतं. आपल्याकडे कितीतरी बायकांना आणि मुलींना रक्त कमी असतं. दम लागतो, चक्कर येते, पाय ओढतात. अशा घरातून बाजरी पोत्यानं बाजारात जाते आणि येताना चहाबरोबर खायची बिस्किटं येतात, हा व्यवहार तोट्याचा आहे.

२०२३ च्या जानेवारीपासून रेशनचं धान्य मोफत मिळू लागलं. त्याचा आधार मोठा आहे, ते जरूर घ्यावं. पण त्यात मुख्यतः गहू-तांदूळ येतो. म्हणून घरची बाजरी नि कडधान्य ताटातून जाऊ देऊ नये.

घरात किती ठेवावं?

पाच माणसांच्या घराचा हिशेब सांगते. थंडीचे तीन महिने, दिवसातून एक वेळ बाजरी खायची म्हटलं तर दिवसाला साधारण ९०० ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे पाऊण ते एक क्विंटल बाजरी बाजूला काढावी. आठवड्यातून दोनदा हुलगा करायचा, तर सहा-सात किलो पुरे. दोन किलो तीळ, दोन-तीन किलो मूगडाळ आणि शेंगदाणे ठेवावेत. एवढं ठेवल्यावर उरलेलं खुशाल विकावं.

बाजरीचं पीठ मात्र एकदम दळून ठेवू नका. बाजरीत तेलाचा अंश बराच असल्यानं पीठ लवकर खवट नि कडू होतं. आठ दिवसांपुरतंच दळावं, डबा घट्ट झाकावा.

तीन पदार्थ, पाच माणसांसाठी

१. हुलग्याचं माडगं
साहित्य: भाजलेल्या हुलग्याचं पीठ १ वाटी, पाणी ८ वाट्या, गूळ पाऊण वाटी, सुंठ अर्धा चमचा, चवीला मीठ.
कृती: हुलगे निवडून मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावेत. गार झाल्यावर दळून आणावेत. हे पीठ घट्ट डब्यात महिनाभर टिकतं. वाटीभर पीठ आधी गार पाण्यात कालवावं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. बाकीचं पाणी उकळलं की त्यात हे कालवण ओतून ढवळत राहावं. दहा मिनिटं शिजलं की गूळ, सुंठ, मीठ घालावं. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्यासाठी गूळ न घालता जिरं-लसणाची फोडणी द्यावी. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला आणि पहाटे पाणी देऊन आलेल्या माणसाला याच्यासारखं दुसरं काही नाही. पित्ताचा त्रास असेल त्यांनी बेतानं घ्यावं.

२. बाजरीची खिचडी
साहित्य: बाजरी २ वाट्या, मूगडाळ १ वाटी, पाणी ९ वाट्या, लसूण, जिरं, हळद, तिखट, मीठ, तेल २ चमचे, असेल तर मूठभर ओले हरभरे किंवा पावटा.
कृती: बाजरीला पाण्याचा हात लावून दहा मिनिटं ठेवावी. उखळात हलक्या हातानं सडावी, कोंडा पाखडून टाकावा आणि भरड काढावी. उखळ नसेल तर मिक्सर थांबून-थांबून फिरवावा. भरड दोन-तीन तास भिजू द्यावी. फोडणीत डाळ-भरड परतून उकळतं पाणी ओतावं, मीठ-तिखट घालून झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवावी. वर चमचाभर तूप किंवा कच्चं तेल घालून वाढावी.

३. शेंगोळे
साहित्य: हुलग्याचं न भाजलेलं पीठ २ वाट्या, ज्वारीचं नि गव्हाचं पीठ मिळून १ वाटी, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, हळद, मीठ, तेल, पाणी ७ वाट्या.
कृती: पिठात निम्मं वाटण, हळद, मीठ घालून घट्ट मळावं. तेलाच्या हातानं बोटाएवढ्या वळ्या करून त्यांची कडी जोडावी. पातेल्यात फोडणी करून उरलेलं वाटण परतावं, पाणी ओतून खळखळ उकळू द्यावं आणि त्यात एकेक शेंगोळं सोडावं. वीस-पंचवीस मिनिटांत शिजतात. वळ्या वळायला पोरांना बसवावं. काम हलकं होतं आणि आवडीनं खातातही.

कोकणातल्या भगिनी कुळथाची पिठी करतात, खानदेशात कळण्याची भाकरी होते, विदर्भात ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी होते. नावं वेगळी, पण युक्ती एकच: धान्याला कडधान्याची जोड द्यायची.

भाजी रानातच आहे

हरभरा फुलावर येण्याआधी त्याचे शेंडे खुडले तर झाडाला फुटवे फुटतात आणि घरात भाजी येते. करडईचा कोवळा पाला, चाकवत, मेथी, कांद्याची पात आहेच. मात्र औषध फवारलेल्या रानातला पाला खुडू नये. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण भोगीला वांगी, गाजर, वालपापडी, ओला हरभरा, शेंगदाणे आणि तिळाचं कूट घालून मिसळीची भाजी करतो, बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी. हे जेवण वर्षातून एकदाच का? थंडीभर आठवड्यातून एकदा करावं.

जेवताना लिंबाची फोड किंवा आवळा घ्या. त्यानं धान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नका, चहानं ते लोह वाया जातं. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा.

जळण वाचवा

भरड, डाळ, कडधान्य भिजवून घेतलं की शिजायला कमी वेळ लागतो. भांड्यावर झाकण हवंच. आणि एक सोपी युक्ती सांगते. मोठ्या पाटीत किंवा खोक्यात भाताचा पेंढा नाहीतर जुनी गोधडी दाबून बसवा, मध्ये भांड्याएवढी जागा ठेवा. खिचडी पंधरा मिनिटं खळखळ उकळली की झाकण न उघडता भांडं त्यात ठेवा, वरून दुसरी गोधडी घाला. दीड-दोन तासांत खिचडी आपोआप शिजते आणि ऊन राहते. तेवढ्यात धारा काढून होतात. भांडं तीन-चतुर्थांश तरी भरलेलं हवं. चुलीवरून उतरवल्यावर बुडाला निखारा चिकटलेला नाही ना, हे ओल्या फडक्यानं पुसून बघा, मगच पेंढ्यात ठेवा. अन्न रात्रभर त्यात ठेवू नका, आणि कोमट झालं असेल तर पुन्हा उकळून मगच खा.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांनाही ही युक्ती सोयीची आहे. पहाटे फडात जाण्याआधी भांडं ठेवलं तर निघताना पोरांच्या पोटात ऊन घास जातो.

दोन धोक्याच्या गोष्टी

दारूनं थंडी पळते हा समज खोटा आहे. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटतं, पण अंगातली ऊब बाहेर निघून जाते. रात्री पाण्याला जाणाऱ्यानं बरोबर गूळ-शेंगदाणे आणि थर्मासमध्ये ऊन माडगं न्यावं. दुसरं, पेटती शेगडी दारं-खिडक्या बंद करून खोलीत ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो.

शेवटचं, पण मुख्य

या तिन्ही पदार्थांत एक सोय आहे. भाकरी एकेक थापावी लागते, म्हणून थापणारी मागे राहते. एका भांड्यातलं जेवण मात्र एकदम तयार होतं. तेव्हा बंधूंनो, आठवड्यातून निदान तीन दिवस असं करा: भांडं मध्ये ठेवा, सगळ्यांची ताटं एकदम मांडा, आणि घरच्या लक्ष्मीचं ताट मांडल्याशिवाय पहिला घास घेऊ नका. सासूबाईंनी सुनेला हाक मारून शेजारी बसवावं. गरोदर, अंगावर पाजणारी बाई आणि वयात आलेली मुलगी, यांच्या ताटात एक पळी जास्त पडू द्या. रक्त कमी असेल तर दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्याही घ्या. जेवण हे त्या गोळ्यांच्या जोडीला आहे, बदल्यात नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा: बाजरी-हुलगा घरापुरता राखा, पीठ आठ दिवसांचं दळा, धान्याला कडधान्याची जोड द्या, ताटात लिंबू ठेवा, चहा उशिरा घ्या, आणि सगळे मिळून एकदम जेवा.

या आठवड्यात एखादा दिवस ठरवून माडगं किंवा शेंगोळे करून बघा.

नमस्कार.