एका ओळीतला जॉइन

पुस्तके एका टेबलात, प्रकाशक दुसऱ्या टेबलात. पुण्याच्या प्रकाशकांची पुस्तके हवी असतील तर दोन्ही टेबले जोडावी लागतात. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये या जोडणीला, म्हणजे जॉइनला, मध्यवर्ती स्थान आहे. एसक्यूएलमध्ये पूर्वी टेबलांची नावे स्वल्पविराम देऊन लिहीत आणि जोडण्याची अटही व्हेअरमध्येच घालत. १९९२ च्या मानकात जॉइन आणि ऑन आले, तेव्हा जोडण्याची अट आणि निवडण्याची अट वेगवेगळ्या दिसू लागल्या. तरीही पुस्तकातला कोणता कॉलम प्रकाशकाकडे बोट दाखवतो, हे दर क्वेरीत नव्याने लिहावे लागे.

ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, म्हणजे ओआरएम, हा जाच कमी करते. पायथॉनमधली जँगो कॅन्ससमधल्या लॉरेन्स इथे एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात नाते मॉडेलमध्ये एकदाच सांगायचे. मग फिल्टरमध्ये प्रकाशक__शहर="पुणे" एवढे पुरते. दोन अंडरस्कोअर म्हणजे त्या नात्यावरून पलीकडच्या टेबलात जा. वाचणाऱ्याला प्रश्न कळतो, जॉइन लायब्ररी लिहिते. ही सोय खरोखर मोलाची आहे.

पण ती प्रोग्रामर आणि डेटाबेस सांभाळणारा या दोघांनीही समजून घेणे गरजेचे आहे, कारण एकाने लिहिलेल्या सोप्या ओळीचा भार दुसऱ्याच्या सर्व्हरवर पडतो.

पन्नास पुस्तकांची यादी आणली आणि लूपमध्ये प्रत्येकाच्या प्रकाशकाचे नाव छापले, तर यादीची एक आणि प्रकाशकांच्या पन्नास अशा ५१ क्वेरी जातात. सिलेक्ट_रिलेटेड जोडले की जॉइन होऊन एकच जाते. उलट दिशेने, प्रकाशकाबरोबर त्याची सगळी पुस्तके हवी असतील, तर जॉइनमध्ये चाळीस पुस्तकांच्या प्रकाशकाची माहिती चाळीस रोमध्ये पुन्हा येईल. तिथे प्रीफेच_रिलेटेड योग्य. ते पुस्तके वेगळ्या क्वेरीने आणते आणि जोडणी पायथॉनमध्ये करते.

सर्वांत फसवी जागा फिल्टरच्या साखळीत आहे. ज्या प्रकाशकाने २०२० मध्ये कवितेचे पुस्तक काढले तो शोधताना पुस्तक__साल आणि पुस्तक__प्रकार या दोन्ही अटी एकाच फिल्टरमध्ये हव्यात. त्या दोन फिल्टरमध्ये विभागल्या, तर २०२० मध्ये कादंबरी आणि २०१५ मध्ये कवितासंग्रह काढणाराही यादीत येतो, शिवाय एकच नाव अनेकदा येऊ शकते. क्वेरीसेटची क्वेरी छापून पाहिली की कारण समोर दिसते: पुस्तकांचे टेबल दोनदा जोडलेले असते, दुसऱ्यांदा टी३ या टोपणनावाने.